करारात लय नव्हती

करारातले तिसरे कलम माझ्याच हातचे होते, त्यामुळे आजही ते मला अक्षरशः पाठ आहे. ‘सदर ध्वनिमुद्रणातील शब्द, सूर आणि गाणारीचा आवाज यांत लिहून घेणार यांच्या लेखी पूर्वसंमतीवाचून लिहून देणार कोणताही फेरफार करणार नाहीत.’ लिहून घेणार मी, लिहून देणार माझे जावई, आणि गाणारी म्हणजे माझी पत्नी. तालुक्याच्या न्यायालयात बत्तीस वर्षे लिपिकाचे काम केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर घरच्या घरात करार करावा, याचे आमच्या मुलीला हसू आले होते.

‘‘बाबा, तुम्ही जावयाकडून लिहून घेता?’’ तिने विचारले.

‘‘लग्नाच्या वेळी घ्यायचे राहून गेले, आता घेतो,’’ मी म्हणालो.

जावई हसले, कागद न वाचताच सही करून मोकळे झाले. न वाचता सही करणाऱ्या माणसाबद्दल मला नोकरीत नेहमी कीव वाटत असे. त्या दिवशी समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

गोष्ट कापसाच्या वाईट वर्षांतली आहे. आम्ही नेरला राहत होतो. भाव पडलेला होता, सरकारी खरेदी कधी सुरू होईल आणि कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, आणि ज्यांना थोडे थांबणे शक्य होते त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पुढच्या खोल्या छतापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. घरची माणसे ओसरीत जेवत आणि दिवसभर अंग खाजवत. कचेऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना पत्रे लिहिताना माझ्या दौतीवरसुद्धा कुठून तरी एखादा तंतू येऊन बसे.

अशा एका दुपारी समोरच्या घरच्या काकू माझ्या पत्नीला म्हणाल्या, ‘‘वहिनी, अवंदा लाख वाती करून टाकू. भाव त कोणी देऊन नाही राह्यलं, मंग देवालेच देऊ.’’ बायका हसल्या आणि तसे ठरलेही.

चातुर्मासात एक लाख वाती वळून देवापुढे लावायच्या, हे व्रत आमच्याकडे नवे नाही. मात्र माझ्या पत्नीने त्यात मुकुटबनकडच्या तिच्या माहेरचे एक गाणे आणले होते, आणि आमच्या गल्लीत वाती त्या गाण्यावरच वळल्या जात. गाणे साधे होते. पहिली वात गाईच्या गोठ्याला, दुसरी विहिरीच्या काठाला, तिसरी वाटेवरच्या परक्या माणसाला, अशा अकरा ओळी. अकरावी संपली की पुन्हा पहिली. एक ओळ म्हणायची आणि थांबायचे. त्या थांबण्यात प्रत्येकीने कापसाची चिमूट घेऊन, मांडीवर तळहाताने वळून, तयार वात टोपलीत ठेवायची. सगळ्यांच्या वाती टोपलीत पडल्यावाचून दुसरी ओळ सुरू होत नसे.

म्हणजे गाणे सगळ्यांत मंद हातासाठी थांबत असे. आमच्या मंडळात एक वयस्कर बाई होत्या. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. गाणारीने डोळे त्यांच्या हातांवर ठेवायचे, त्यांची वात पडली की पुढची ओळ उचलायची, असा शिरस्ता होता. त्यामुळे गाण्यातला कोणताही थांबा दुसऱ्याएवढा नसे. मी आतल्या खोलीत माझी पत्रे लिहीत बसे आणि त्या असमान थांब्यांची मला इतकी सवय झाली होती की वाक्यातले अर्धविरामसुद्धा मी त्यांच्या मापाने देऊ लागलो होतो.

त्या वर्षी माघात पत्नीच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. आवाजाची नस गाठीला लागून जाते, तिला धक्का लागण्याचा संभव आहे, असेही सांगितले आणि त्या संभवाखाली माझी सही घेतली.  परतीच्या बसमध्ये पत्नी म्हणाली, ‘‘गाणं कुठेतरी भरून ठेवायला पाहिजे. नाहीतर बायकांचं काम अडेल.’’

तिने म्हटले ते बायकांच्या कामापुरतेच होते. मी जे ऐकले ते त्याहून अधिक होते, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ मला आता तिथेच दिसते.

जावयांचा पुसदला स्टुडिओ होता. घरामागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि वर गोणपाट ठोकलेले, मध्ये एक काच, काचेपलीकडे कॉम्प्युटर. त्या वर्षांत बाजारात सगळे पडले होते. गाडीवर भोंगा लावून ओरडणे तेवढे वाढले होते. बियाणे, फवारणीची औषधे, विहिरीतले पंप, निवडणुका, सप्ताह, सगळ्यांची ध्वनिमुद्रणे जावयांकडे होत. माणूस मेहनती आणि गोड बोलणारा. ‘‘मामाजी, आईचं गाणं मी असं भरतो का ऐकणाऱ्यानं मान डोलावली पाहिजे,’’ ते म्हणाले. या वाक्यातच मला धोका दिसायला हवा होता. वाती वळणारी बाई मान डोलावत नाही. पण माझे लक्ष करारात होते.

तिसऱ्या कलमात मी ‘शब्द, सूर, आवाज’ असे तीनच शब्द का घातले, ते सांगितले पाहिजे, कारण माझी चूक त्यातच आहे. ती निष्काळजीपणाची चूक नव्हती. आमच्याकडे जुना टेपरेकॉर्डर होता. सेल उतरले की गाणे रेंगाळत असे आणि त्याबरोबर गाणाऱ्या बाईचा आवाज पुरुषासारखा जाड होत असे. नवे सेल घातले, मोटार जोरात फिरली, की गाणे पळे आणि आवाज चिमणीसारखा बारीक होई. यावरून मी असा निष्कर्ष काढला होता की वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले असतात; एकाला हात लावला की दुसरा ओरडतो. सुराला संरक्षण दिले म्हणजे वेगाला आपोआप मिळाले. म्हणून ‘लय’ हा शब्द मी कच्च्या मसुद्यात लिहिला होता आणि पक्का करताना अनावश्यक म्हणून खोडला. कायद्याच्या लिखाणात अनावश्यक शब्द असू नये, असे मी नवख्या लिपिकांना आयुष्यभर शिकवत आलो होतो.

मुद्रणाच्या दिवशी पत्नी कापसाची टोपली घेऊनच आत बसली. वात वळल्यावाचून थांबा खरा येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. माइकला बांगड्यांचा आवाज जात होता. जावई म्हणाले, ‘‘आई, घडीभर काढता काय?’’ तिने नुसते पाहिले. मग मुलीने दोन रुमाल आणून तिच्या दोन्ही हातांवर बांगड्यांभोवती गुंडाळले. मी काचेबाहेर घड्याळ हातात घेऊन बसलो होतो. आतले काही ऐकू येत नव्हते. फक्त तिचे ओठ हलताना दिसत, मग हात, मग पुन्हा ओठ. अकरा ओळींचा एक फेरा संपायला अकरा मिनिटे आणि वीस सेकंद लागले. तशी नोंद मी खिशातल्या वहीत केली.

मग जावयांनी तिच्या कानाला हेडफोन लावून तिचे गाणे तिला ऐकवले. ती दोनतीन ओळी ऐकेपर्यंत स्थिर होती. नंतर तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘झालं.’’ ती थकली असेल असे मी मानले. माझी काही पत्रे अर्धवट पडली होती म्हणून मी दुसऱ्या दिवशी दिग्रस-दारव्हा मार्गे नेरला परतलो. ती चार दिवस मुलीकडे राहिली.

शस्त्रक्रिया ज्येष्ठात झाली. गाठ निघाली आणि आवाज गेला. अगदी गेला असे नाही; कागदाची घडी उलगडताना होते तेवढा राहिला. चहा झाला का, दार लावले का, एवढ्यासाठी तो पुरे. गाण्यासाठी नाही. घरात प्रथमच मला माझ्या टाकाचा आवाज ऐकू येऊ लागला. अशा वेळी माणूस ज्याला धरून राहतो, ते माझ्यासाठी पुसदच्या त्या खोलीत साठवलेले होते. अकरा मिनिटे आणि वीस सेकंद. मला त्याहून अधिक काही नको होते आणि त्याहून कमी चालणार नव्हते.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पुसदहून येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर सीडी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओसरीत अकराबारा बायका टोपल्या घेऊन बसल्या. मी स्वतः प्लेअर लावला. आधी ढोलक वाजली. त्यानंतर कुठल्यातरी पेटीचे गोड गोड सूर. आणि मग माझ्या पत्नीचा आवाज आला. तोच, तिचाच, सुरात रतीभर फरक नाही; आणि तो पळत होता.

पहिली वात गाईच्या गोठ्याला पोहोचते न पोहोचते तोच दुसरी विहिरीच्या काठाशी उभी होती. थांबे होते, पण फुटपट्टीने आखल्यासारखे सगळे एकाच मापाचे, आणि त्यांत ढोलक नाचत होती. बायकांचे हात गडबडले.

‘‘अवं, हे त पळूनच राह्यलं!’’

‘‘हात कुठून आणू वं एवढे? दोन त देवानं देल्ले.’’

‘‘बंद करा काका, नाही त कापूस तसाच लावा लागते देवापुढं.’’

सगळ्या हसत होत्या. वाकड्या बोटांच्या त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा चिमूट उचलली, दोनदा ओळ त्यांच्या आधी निघून गेली, आणि मग त्यांनी हात पदराखाली घेतले. ‘‘तुम्ही वळा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी मोजतो.’’ वाती मोजायला दुसरी एक बाई आधीच बसवलेली होती.

माझी पत्नी खाली मान घालून वाती वळत होती. विशेष म्हणजे तिचा हात एकदाही चुकला नाही. ढोलकीच्या ठेक्याबरोबर तिची एकेक वात टोपलीत पडत होती. मी त्याचा अर्थ असा लावला की स्वतःच्या आवाजाची अशी विटंबना ऐकून ती मान वर करू शकत नाही. गाणे संपले तेव्हा मी घड्याळ पाहिले. सात मिनिटे दहा सेकंद.

‘‘चांगलं झालंय,’’ ती कुजबुजली.

‘‘काय चांगलं झालंय? तुझा गळा दाबून पळवलाय तुला!’’ मी इतक्या मोठ्याने ओरडलो की समोरच्या काकूंनी टोपली आवरती घेतली.

त्या संध्याकाळी मी पहिली नोटीस लिहिली. तिचा मायना लिहितानाच लेखणी अडली. आमच्यात जावई म्हणजे घरचा देव; त्याला कडू बोलायचे नसते, त्याच्याकडून काही मागायचे नसते, सासऱ्याने त्याच्यासमोर आवाज चढवला तर चारचौघे सासऱ्यालाच नावे ठेवतात. म्हणून ‘चि. जावईबापूंस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष लिहिण्याचे कारण की,’ असा आरंभ करून त्यापुढे मी ‘आपण करारातील कलम तीनचा उघड भंग केला असून’ असे लिहिले. आशीर्वाद आणि आरोप एका परिच्छेदात नांदू शकतात, हे मला तेव्हा कळले. पंधरा दिवसांच्या आत मूळ मुद्रण, कोणतेही वाद्य न घालता, मूळ वेगात, माझ्या स्वाधीन करावे, अशी मागणी शेवटी केली. पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र. तिकिटे पत्नीने चिकटवली. माझी तिकिटे नेहमी तीच चिकटवी. माझी वाकडी लागतात.

पोचपावती आली, उत्तर आले नाही. आले ते मुलीचे फोन.

‘‘बाबा, पोस्टमन सगळ्या गल्लीसमोर सही घेऊन गेला. तुम्ही घरात नोटिसा पाठवता?’’

‘‘घर कराराच्या बाहेर नाही.’’

‘‘आईशी बोललात का तुम्ही?’’

‘‘तिला बोलता येत असते तर हा प्रसंगच आला नसता,’’ मी म्हणालो.  मुलगी म्हणाली, ‘‘बरं. लिहा अजून एक,’’ आणि तिने फोन ठेवला.

मी अजून एक लिहिली, नंतर तिसरीही लिहिली. तिसऱ्या नोटिशीत मी ‘विश्वासघात’ हा शब्द वापरला आणि त्याखाली रेघ ओढली. तीनही पाकिटांवरची तिकिटे सरळ आणि कडेला घट्ट बसलेली होती.

श्रावणात मी पुसदला गेलो. जावई काचेमागे बसून कुठल्याशा बियाण्याची जाहिरात कापत होते. मला पाहून उठले, वाकून नमस्कार केला, पाणी मागवले. मी पाणी प्यालो नाही. जावयाच्या घरी सासऱ्याने पाणी घेऊ नये हा जुना रिवाज मी कधीच पाळला नव्हता. त्या दिवशी तो उपयोगी पडला.

‘‘सूर बदलला काय, मामाजी?’’ त्यांनी विचारले. ‘‘तुमचा कागद मी मागून वाचला. शब्द तेच हायेत. सूर तोच हाये. आवाज आईचाच हाये.’’

‘‘वेग बदलला की सूर बदलतो. तो तुम्ही नंतर ओढूनताणून जागेवर आणला असेल.’’

‘‘तसं नाही राह्यलं आता. ते टेपचं होतं. कॉम्प्युटरमंदी लय वेगळी अन् सूर वेगळा.’’ त्यांनी मला शेजारी बसवले आणि पडद्यावर हिरव्या रंगाच्या डोंगररांगेसारखे काहीतरी दाखवले. एक आकडा बदलला, रांग आखूड झाली. दुसरा आकडा दाबला, लांब झाली. दोन्ही वेळा त्या बियाणेवाल्याचा आवाज तसाच्या तसा, फक्त एकदा घाईत आणि एकदा निवांत. ‘‘ओळी सुट्या केल्या, चौकटीत बसवल्या, मंग वेग वाढवला. नाही त ढोलक बसतच नव्हती, मामाजी. आईचे थांबे एकसारखे नव्हते.’’

‘‘ते एकसारखे नसतात, म्हणूनच ते थांबे आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘ढोलक कोणी मागितली होती?’’

ते पुन्हा पडद्याकडे वळले. मी बॅगेतून कराराची प्रत, तीनही नोटिशींच्या प्रती आणि पोचपावत्या काढून टेबलावर मांडल्या. कलम तीनमध्ये लय नाही हे मान्य, पण कराराचा उद्देश काय होता, पक्षकारांच्या मनात काय होते, हेही पाहावे लागते, असे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले. आणि शेवटी म्हणालो, ‘‘आवाज गेलेल्या बाईची ही शेवटची वस्तू होती. तुम्ही तिला न विचारता तिची मोडतोड केलीत.’’

‘‘न विचारता नाही,’’ जावई म्हणाले. मग दाराकडे पाहिले. दारात माझी मुलगी उभी होती. ‘‘सांगून टाका,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर चौथी येईल.’’

‘‘आईनंच सांगतलं, मामाजी. तुम्ही नेरले गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ढोलक घाला म्हणल्या, पळवा म्हणल्या. मधली जागा कापा म्हणल्या. माझ्याजवळ बसून एकेक ओळ पसंत केली त्याहिनं. अन् जुनं पुसून टाका म्हणल्या. तुमाले नका सांगू म्हणल्या.’’

मी पुरावा मागितला. मागण्याखेरीज मला दुसरे काही येत नव्हते.

त्यांनी माझ्या कानांना हेडफोन लावला. मूळ मुद्रण त्यांनी पुसले नव्हते. सासूला हो म्हणाले होते, पण पुसायला हात धजला नव्हता. मला वाद्ये नसलेली पहिली ओळ ऐकू आली, जशी मी पंचवीस वर्षे आतल्या खोलीतून ऐकत होतो तशी. आणि मग थांबा आला.

त्या थांब्यात ती श्वास घेत होती. काचेबाहेर बसून मला जो वात वळण्याचा अवकाश वाटला होता, तो एका गुदमरणाऱ्या बाईचा अवकाश होता. शिट्टी वाजल्यासारखा आत ओढलेला, मध्येच अडकलेला, पुन्हा ओढलेला श्वास. गाठ श्वासनळीवर दाबत होती, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून सांगितले होते. ऐकले मात्र मी कधी नव्हते. घरी ओसरीतल्या गलक्यात ते झाकले जात असावे; माइकपुढे झाकले गेले नाही. तिसऱ्या ओळीनंतर ती घोगऱ्या आवाजात ‘आई गं’ म्हणाली, अगदी हळू, आणि चौथी ओळ सुरू केली.

‘‘ऐकून काय म्हणाली ती?’’ मी विचारले.

जावयांनी मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, ‘‘म्हणाली, हे माझं गाणं नाही, हे माझं दुखणं आहे. हे कोणाच्या घरी वाजायचं नाही.’’

मी हेडफोन काढला. मला वाईट वाटायला हवे होते, आणि वाटलेही असेल; परंतु खरे लिहायचे तर त्या क्षणी मला भयंकर राग आला. जावयांचा नव्हे. माझ्या घरात, माझ्या टेबलापासून दोन हातांवर बसून, सगळे ठाऊक असलेल्या बाईने माझ्या तीन नोटिशींना तिकिटे लावली होती. ‘विश्वासघात’ या शब्दाखालची रेघ वाळेपर्यंत ती शेजारी उभी होती. मुलीला ठाऊक, जावयांना ठाऊक, ज्यांच्याविरुद्ध मी लढत होतो त्यांना ठाऊक आणि जिच्यासाठी लढत होतो तिलाही ठाऊक. संबंध कुटुंबात हा दावा फक्त मी चालवत होतो.

निघताना जावई फाटकापर्यंत आले. त्यांनी साध्या कागदी पाकिटातली एक सीडी माझ्या हातात दिली. ‘‘जुनं हाये. अकरा मिनिटांचं. तुमची मागणी होती. आता इथलं मी पुसतो, आईले शब्द देल्ला होता. पण एवढं घ्या. त्याहिले सांगू नका, माझी आन हाये.’’

जिच्या आवाजाची ती वस्तू होती तिचा स्पष्ट नकार होता, तोही मला नुकताच ऐकवला गेला होता. ती परत करण्यासाठी मला कोणतेही कलम शोधण्याची गरज नव्हती. मी ती कराराच्या प्रतीत घालून बॅगेत ठेवली.

घरी पोहोचलो तेव्हा पत्नी ओसरीत एकटीच वाती वळत बसली होती. मी चपला न काढताच विचारले, ‘‘मला का सांगितलं नाहीस?’’

तिने माझ्याकडे पाहिले. कुठून आलो आणि काय कळले, हे तिला विचारावे लागले नाही.

‘‘तुम्ही ऐकलं असतं?’’ ती म्हणाली. तिचा आवाज ऐकण्यासाठी मला जवळ जाऊन बसावे लागले. ‘‘तुम्ही उत्तर लिहिलं असतं.’’

‘‘तीन नोटिसा लिहू दिल्यास मला. तिकिटं लावलीस.’’

‘‘तुम्हाला बरं वाटत होतं लिहून. मी दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही नीट जेवत नव्हता. नोटीस लिहायला लागलात, आणि जेवायला लागलात.’’

मी कायद्याकडे वळलो. करार झाला होता, फेरफाराला माझी लेखी संमती आवश्यक होती, तिने परस्पर तोंडी सूचना देणे हा भंगच होता, असे मी म्हणालो. ती वात वळून संपेपर्यंत थांबली आणि ती टोपलीत ठेवून म्हणाली, ‘‘त्या कागदावर माझी सही कुठे होती? तुम्ही लिहून घेणार, ते लिहून देणार. आवाज माझा होता ना?’’

बत्तीस वर्षांत एवढा साधा आक्षेप माझ्यासमोर कोणत्याही वकिलाने घेतला नव्हता. खरोखरच तिची सही नव्हती. ती घ्यावी असे मला सुचलेही नव्हते. करारात ती फक्त ‘गाणारी’ होती.

‘‘त्या वाकड्या बोटांच्या बाईंनी यायचं सोडलं,’’ मी म्हणालो. मला काहीतरी तिच्या विरुद्ध बाजूला ठेवायचे होते.

‘‘ठाऊक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी सकाळी जाते त्यांच्याकडे. गाण्यावाचून वळतो आम्ही दोघी.’’ तिने नवी चिमूट घेतली, पण वळली नाही. बोटांत तशीच धरून विचारले, ‘‘ते जुनं… पुसलं ना त्यांनी?’’

बॅग माझ्या मांडीवर होती.

‘‘पुसलं,’’ मी म्हणालो.

‘‘तुमच्यासमोर?’’

‘‘माझ्यासमोर.’’

तिने मान हलवली आणि ती पुन्हा वाती वळू लागली. माझ्या शब्दावर अविश्वास ठेवावा असे कारण मी तिला त्याआधी कधी दिले नव्हते, त्यामुळे तिने तिसरा प्रश्न विचारला नाही.